जेरुसलेमचा पाणीपुरवठा

जेरुसलेम तलवारीमुळे गेलं नाही, पाण्यामुळे गेलं, असं छातीठोकपणे सांगणारा अख्ख्या दक्षिण गोलार्धात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. दुसऱ्या कुणी माझ्या ताटासमोर आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा वेढा मांडला असता, तर मी हात धुवायला म्हणून उठलो असतो तो परत आलोच नसतो. पण हे पडले मुलीचे सासरे. व्याह्यांचं बोलणं मध्येच तोडायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं, की गेल्या काही वर्षांत मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलो. युरोपातले ख्रिस्ती राजे आणि सरदार जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला म्हणून निघाले, ते त्यांनी घेतलं, घालवलं, परत निघाले, आणि हे असं दोनेकशे वर्षं चाललं, एवढंच मला क्रुसेडबद्दल शाळेपासून माहीत होतं. तेवढं मला पुरत होतं. निवृत्तीनंतर मला दोनच गोष्टी हव्या होत्या, उन्हातली खुर्ची आणि शांतता. ऑकलंडमध्ये उन्हाचा भरवसा नाही, आणि शांततेचं व्याह्यांनी कधी जमू दिलं नाही.

ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या घरात आम्ही सगळे एकत्र राहत होतो. मुलगी प्रज्ञा, जावई अमोल, नात यशू, आम्ही दोघं म्हातारे, आणि परसातल्या सुट्या खोलीत, जिला इथे स्लीपआउट म्हणतात, तिथे व्याही. त्यांच्या पत्नी ते इकडे येण्याआधीच वारल्या होत्या. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात ते इंजिनिअर होते. आयुष्यभर त्यांनी टँकर, कोरड्या विहिरी, फुटलेल्या पाइपलाइनी आणि चिडलेले सरपंच पाहिले. त्यांच्या नोकरीत यशाची एकच खूण होती. योजना सुरू झाली की टोकाच्या गावातल्या शेवटच्या घरून निरोप यायचा, "पोचलं." तेवढाच एक शब्द. उद्घाटनाच्या भाषणांपेक्षा, हारांपेक्षा त्यांना तो मोलाचा वाटायचा. अशा माणसाला मुलानं उचलून अशा देशात आणलं जिथे पाऊस कधी पडेल हा प्रश्न नसून कधी थांबेल हा प्रश्न असतो. माणूस एकदम बेकार झाला. पहिला हिवाळा त्यांनी गटारातून वाहून जाणारं पाणी खिडकीतून बघत आणि हळहळत काढला. मग एकदा पावसात अडकले म्हणून लायब्ररीत शिरले आणि वेळ जावा म्हणून तिथलं सगळ्यात जाड पुस्तक काढून बसले. ते क्रुसेडचं होतं. ते बागकामाचं निघालं असतं तर आज आमच्या परसात निदान कोथिंबीर तरी असती.

त्या दिवशी ते घरी आले ते ओले जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, न काढताच थेट माझ्यापर्यंत. "व्याही, तहानेनं मरायलेत की हो ही माणसं!" मला वाटलं बातम्यांत काहीतरी लागलंय. मग कळलं की हॅटिन नावाच्या ठिकाणची लढाई चालू आहे. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राजाचं सैन्य एका भरल्या झऱ्यावर तळ देऊन बसलेलं होतं. ते तिथून उठून ऐन उन्हाळ्यात, अंगावर लोखंड घालून, कोरड्या माळावरून निघालं. खाली तळं दिसत होतं, पण तळ्यापर्यंत सुलतानाचं सैन्य पोचू देईना. वर त्यानं गवत पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी खेळ खलास. सगळे इतिहासकार इथे शौर्याचं आणि विश्वासघाताचं बोलतात म्हणे. व्याह्यांचा सवाल वेगळाच. "बारमाही झरा सोडून निघाले हो. कोण होता यांचा इंजिनिअर? एवढ्या माणसांचं आणि घोड्यांचं पाणी कुणी काढलं होतं? कुणीच नाही!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्या फाइलवर माझी सही होती.

तेव्हापासून दोनशे वर्षांची सगळी मारामारी त्यांनी पाणीपुरवठा विभागाकडे वर्ग करून घेतली. धर्माबद्दल त्यांना काडीचं कुतूहल नाही. आपण बौद्ध माणसं, यांच्या भांडणात आपला संबंध नाही, असं ते सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि मग तीन तास बोलतात. राजांची नावं त्यांच्या जिभेवर टिकत नाहीत, म्हणून इंग्लंडचा राजा म्हणजे "सिंहवाले", फ्रान्सचा म्हणजे "ते आजारी पडून परत गेलेले", आणि सुलतान मात्र "आपले सुलतान". का, असं मी एकदा चुकून विचारलं. "पाणी देणाऱ्याच्या बाजूनं मी," ते म्हणाले. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे दूध-ब्रेडच्या दुकानात, गल्ल्यावर एक मुसलमान गृहस्थ असतात. त्यांना व्याह्यांनी गाठलं आणि आपल्या सुलतानांनी झरे नेमके कसे अडवले असतील, हे विचारलं. ते बिचारे म्हणाले, "अंकल, मैं तो भरूच का हूँ. मुझे इतना मालूम है कि दूध का ट्रक सुबह आता है." दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात म्हणून मग हे चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गेले आणि तिथल्या आजीबाईंना म्हणाले, तुमच्या लोकांनी तो झरा सोडला कशाला? त्या म्हणाल्या, "ओह लव्ह, आय ओन्ली डू थर्सडेज." व्याही घरी येऊन मला म्हणाले, "दोन्हीकडचे लोक थकलेत, व्याही. कुणालाच काही आठवत नाही." मला त्या दोघांचाही हेवा वाटला.

त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा सुलतानाच्या तंबूतला. तो मी इतक्यांदा ऐकलाय की आता मला तंबूची कनातसुद्धा दिसते. लढाई संपल्यावर हरलेल्या राजाला आणि त्याच्या एका सरदाराला सुलतानापुढे आणलं. राजाच्या घशाला कोरड पडलेली. सुलतानानं त्याला बर्फानं गार केलेलं पेय दिलं. तिकडे रीत अशी की ज्याला यजमानानं आपल्या हातानं पाणी दिलं त्याच्या जिवाला मग धक्का लावायचा नाही. राजा थोडं प्यायला आणि त्यानं पेला शेजारच्या सरदाराला दिला. हा सरदार म्हणजे तहात असतानाही वाटसरूंचे तांडे लुटणारा. सुलतान म्हणाला, ह्याला मी दिलेलं नाही. आणि सरदाराचं मुंडकं गेलं. किस्सा इथवर आला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि नेमके इथेच व्याही पुढे सरसावून विचारतात, "आता मला सांगा, बर्फ आणला कुठून?" त्या उकाड्यात, त्या माळावर बर्फ. त्यांच्या मते हर्मोन पर्वतावरून. मग खड्डे, भुसा, गोणपाट, उंटाचा वेग, वितळून किती उरेल, याचा हिशोब. मुंडकं तिथेच पडून राहतं. एकदा ही, म्हणजे माझी बायको, शेजारी मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "म्हणजे एकदा पाणी दिलं की मग राग धरायची सोय नाही म्हणा की." व्याही म्हणाले, "तसंच विहीणबाई, पण बर्फाचं काय?"

मला ते तिचं वाक्य तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं.

घरातल्या घरात ते असं, तर बाहेर काय सांगू. आम्ही पीहाच्या समुद्रावर सहलीला निघालो की व्याह्यांच्या मांडीवर पाण्याचा मोठा कॅन. गाडीतळावर उतरलं की प्रत्येकानं त्यांच्यासमोर पेलाभर पाणी प्यायचं, मगच वाळूत पाय टाकायचा. "कॉलम निघण्याआधी पाणी," असं ते म्हणत, आणि कॉलम म्हणजे आमची पलटण. यशूला तिचा पोहण्याचा पोशाख घालून, म्हणजे टॉग्ज घालून, लाटांत पळायचं असायचं, ती घटाघट पिऊन "डन, आबा!" असं ओरडत सुटायची. बाकीचे आम्ही तुडुंब भरलेले, आणि किनाऱ्यावरचं शौचालय लांब. तिथे रांगेत उभं असताना ते मला म्हणाले, "सैन्याचा हा दुसरा प्रश्न. तो कुणी लिहीतच नाही." जेवताना ते भाताचा डोंगर करायचे, वरणाचं खोरं, तुपाचा झरा, आणि वर लिंबाची फोड म्हणजे जेरुसलेम. यशू त्यांची एकनिष्ठ श्रोती. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत. एकदा वेढा ऐन रंगात असताना तिनं ती फोड उचलून चोखून टाकली आणि म्हणाली, "आबा, आय एट जेरुसलेम." त्यांनी भाताच्या डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "चला, सुटला प्रश्न." ती म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या भाषेत झकास.

बुद्ध पौर्णिमेला आमची मंडळी हेन्डरसनमधला एक हॉल भाड्यानं घेतात. वंदना होते, मुलांची गाणी होतात, शेवटी खीर. एका वर्षी कुणाला तरी सुचलं की व्याह्यांना पाच मिनिटं शांती या विषयावर बोलायला सांगावं. मी घरातला माणूस असून मला कुणी विचारलं नाही, नाहीतर मी हात जोडले असते. व्याह्यांनी शांतीपासून सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला ते एका समुद्रकाठच्या बंदरापाशी पोचले, जिथे ख्रिस्ती सैन्यानं गावाला वेढा घातला होता आणि त्या सैन्याला बाहेरून सुलतानानं वेढा घातला होता. दोन वर्षं. आत बसलेले उपाशी, मधले तापानं फणफणलेले, बाहेरचे कंटाळलेले. "कोण कुणाला धरून बसलंय हे कुणालाच कळेना," असं सांगत सांगत त्यांनी आम्हाला असं काही धरून ठेवलं की खीर आळून तिच्या वड्या पडायची वेळ आली. मागच्या रांगेतल्या एका पोक्त बाई शेवटी म्हणाल्या, "दादा, ह्यात शांती कुठंय?" व्याही म्हणाले, "तेच तर मी शोधायलोय, ताई." आणि खाली बसले. टाळ्या पडल्या, त्या बहुधा बसले म्हणून.

मी हसलो नाही. त्या सुमारास आमच्या घरातही तसाच वेढा पडलेला होता आणि प्रज्ञा आणि अमोल हॉलच्या दोन टोकांना बसले होते. त्यांचं काय बिनसलं हे मला नीट सांगता येणार नाही. कुणी मारझोड केली नाही, कुणाचं बाहेर काही नव्हतं. दोघांच्या नोकऱ्या, दोघांचा थकवा, डिशवॉशर कुणी लावायचा यावरून आठवडाभराचा अबोला. मग त्याला वेलिंग्टनला चांगलं काम मिळालं आणि प्रज्ञाचं ऑकलंडमध्ये बस्तान बसलेलं. तू चल, मी नाही येत, असं दोन वर्षं चाललं. आम्ही म्हातारे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता वावरायचो. शेवटी एक दिवस ते थांबलं, कारण दोघांनाही बोलायचा कंटाळा आला होता. अमोल वेलिंग्टनजवळ पोरिरुआला घर घेऊन राहायला गेला, यशू आईपाशी राहिली. जायचा दिवस नेमका यशूच्या वाढदिवसाच्या आठवड्यात आला. केक फ्रीजमध्ये, आणि बाप गाडीत सामान भरतोय. हिनं ते पाहिलं आणि त्या दिवसापासून जावयाचं नाव या घरात घेतलं गेलं नाही.

मुलगा गेला म्हणजे बापानं जायला हवं. व्याह्यांनी स्लीपआउट झाडून काढला, कॅन धुऊन उपडा ठेवला, लायब्ररीतलं पुस्तक परत केलं. निघताना मला म्हणाले, "आता काय म्हणायचं हो आपण एकमेकांना?" घटस्फोट झाला की नवरा-बायको मोकळे होतात. व्याह्यांचं काय होतं हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. आम्ही दोघांनी काही न ठरवता जुनंच चालू ठेवलं. पुढे कित्येक दिवस मी डेकवर, म्हणजे घरापुढच्या लाकडी ओट्यावर, खुर्ची टाकून बसत होतो. ऊन होतं, शांतता होती, आणि मला ती अजिबात आवडली नाही. इतकी वर्षं दमवणारा माणूस निघून गेला तर दमणूक कमी व्हायला हवी ना? तसं काही झालं नाही.

मग हिवाळ्याची शाळेची सुट्टी जवळ आली आणि अमोलनं विचारलं की यशूला तेवढे दिवस पोरिरुआला पाठवाल का. कोर्टकचेरी करायची ताकद दोघांतही उरली नव्हती, सगळं एकमेकांच्या मर्जीवर चाललं होतं. प्रज्ञा म्हणाली, "आई म्हणेल तसं. मला आता काही ठरवायला लावू नका." आई म्हणाली, नाही. पोर एकदा तिकडे रमली की परत येताना रडेल, आणि ज्याला वाढदिवसापर्यंत थांबवलं नाही त्याला सुट्टी कशाला हवी. यशूनं एक-दोनदा "व्हाय कान्ट आय?" विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. ते सोडून देणं मला फार लागलं. आता सगळं हिच्या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द काढून घ्यायला व्याही स्वतः निघाले.

पोरिरुआहून ऑकलंड म्हणजे बसनं अख्खा दिवस. ते आले, कुणा ओळखीच्यांकडे मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्डरसन स्टेशनवरून चालत आमच्या दाराशी. हिनं दार उघडलं. "या," म्हणाली. डेकवरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. आणि पाणी आणलं नाही.

हे वाचणाऱ्याला लहानसं वाटेल. आमच्या घरात ते लहान नाही. हिच्या आजीनं गावच्या विहिरीपासून लांब, घागर खाली ठेवून, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत अर्धं आयुष्य घालवलं. हिच्या माहेरी म्हणून नियम असा, की दारात आलेल्याला पाणी हवं का असं विचारायचंसुद्धा नाही, आणून हातात द्यायचं. कुरिअर टाकायला आलेल्या पोरांनाही ही पेला पुढे करते. ती गोंधळतात, पण पितात. त्या दिवशी ही दारात हात बांधून उभी राहिली. व्याही इकडचं तिकडचं बोलले, यशूशी खेळले, सुट्टीचा विषय काढला. ही म्हणाली, "बघू." त्यांच्या पिशवीतून त्यांची पाण्याची बाटली अर्धी बाहेर आलेली मला दिसत होती. ओठ कोरडे पडले होते, पण त्यांनी तिला हात लावला नाही. मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "तुमचं पाणी चालायचं नाही, व्याही. तुम्ही कुठं सुलतान आहात?"

ते गेल्यावर मी हिला विचारलं, अगं, निदान पाणी तरी. ती म्हणाली, "तुमच्या व्याह्यांनीच सांगितलंय ना, एकदा पाणी दिलं की राग धरता येत नाही. मला अजून राग धरायचाय." इतकी वर्षं त्या तंबूतल्या गोष्टीतून आम्ही दोघं पुरुष बर्फ काढत बसलो होतो.

दोन आठवड्यांनी व्याही परत आले, परत कोरडेच बसले. त्या दिवशी मात्र त्यांनी मला, कधी नव्हे ते, पाण्याशिवायची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणे सिंहवाले आणि आपले सुलतान दोघंही दमले. एक तापानं पडलेला, दुसऱ्याचे सरदार घरी जायचं म्हणत होते. कुणीच जिंकलं नाही. मग तह झाला. शहर ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडेच राहिलं. दुसऱ्यांनी हत्यार न घेता यायचं, दर्शन घ्यायचं आणि परत जायचं. "एवढंच मागायलोय मी, व्याही," ते म्हणाले. "शहर ठेवा तुमच्याकडे. पोर तुमचीच. थोडे दिवस तिनं तिकडं यावं, मी इकडं यावं, बस्स." मी समोरच्या झाडाकडे बघत राहिलो. ही आत गॅसपाशी उभी होती. खिडकी उघडी होती.

सुट्टी लागायच्या आदल्या शनिवारी ते तिसऱ्यांदा आले, तेव्हा अमोलच्या गाडीतून. अमोल रस्त्याच्या कडेला गाडीतच बसून राहिला. आमच्या पायऱ्या चढायच्या नाहीत हे त्याला ठाऊक होतं. प्रज्ञा यशूला पोहायला घेऊन गेली होती. व्याही डेकवर येऊन बसले. प्रवासानं चेहरा उतरला होता. त्यांनी काही मागितलं नाही, सुट्टीचं नाव काढलं नाही, नुसते बसले. त्यांनी बडबड न करणं हे मला सहन होईना. ही दारातून एकदा त्यांच्याकडे बघत होती, एकदा रस्त्यावरच्या गाडीकडे. मग आत गेली. मी मागोमाग गेलो. ती फ्रीजला टेकून उभी होती.

"माझी आजी विहिरीपाशी बसायची," ती म्हणाली. "आणि माझ्या दारात हा म्हातारा तिसऱ्यांदा..." तिनं डोळे पुसले, स्टीलचा पेला घेतला, फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे सिंकवर आपटला, दोन खडे पेल्यात टाकले, पाणी भरलं आणि बाहेर आली.

"घ्या, भाऊ."

अमोल गेल्यापासून तिनं त्यांना कशानंच हाक मारली नव्हती. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. बर्फाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो कुठला हे विचारलं नाही. अर्धं पाणी प्यायले आणि थांबले. पेला तसाच धरून रस्त्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"विहीणबाई, एक विचारू का? हा पुढं देऊ?"

गोष्ट आम्हा तिघांनाही पाठ होती. यजमानानं न दिलेला पेला पुढे गेला तर काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. ही त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उष्टं कशाला द्यायचं माणसाला?" आणि वळून आत गेली.

व्याह्यांनी पेला खुर्चीशेजारी खाली ठेवला. त्यांना वाटलं, संपलं. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. तेवढ्यात आतून बर्फाचा ट्रे पुन्हा आपटल्याचा आवाज आला. ही दुसरा पेला घेऊन बाहेर आली, दाराशी पडलेल्या माझ्या मोठ्या जँडल्समध्ये पाय घातले, आणि सांडू नये म्हणून एकेक पायरी जपून उतरत रस्त्याकडे निघाली. तिला येताना पाहून अमोल घाईघाईनं गाडीतून उतरला आणि शाळेत उभं केल्यासारखा उभा राहिला. तिनं पेला त्याच्या हातात दिला. त्यानं तो एका दमात संपवला. मग ती त्याला काहीतरी म्हणाली, ते आमच्यापर्यंत ऐकू आलं नाही. तिनं मला ते आजवर सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. त्यांचा संसार काही परत जुळला नाही, तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. यशू मात्र दर सुट्टीत पोरिरुआला जाते आणि परत येताना रडते, हिनं सांगितलं होतं तशीच. दोन दिवसांत सावरते. आणि मधल्या काळात व्याही इकडे येतात, हातात काही न घेता, आणि मला दमवून जातात.

पण त्या शनिवारी आम्ही दोघं डेकवर बसलो होतो आणि त्यांच्या पेल्यातला बर्फ विरघळत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी, इतकी वर्षं कान झाकून घेतलेला माणूस, स्वतःहून विचारलं, "व्याही, सुलतानानं तो बर्फ नक्की कुठून आणला होता हो?"

त्यांनी ऐकलं नाही. रस्त्यावर ही रिकामा पेला पदरानं पुसत उभी होती आणि अमोल खाली मान घालून तिच्यासमोर. त्यांच्याकडे बघत, आपल्याशीच, व्याही म्हणाले, "पोचलं."